सहा कोअर इकडे, सहा कोअर तिकडे

प्रश्न : ताई, नमस्कार. सेलूत माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचं शूटिंग मी करतो, मिक्सिंग धाकटा भाऊ बघतो. जुना कॉम्प्युटर आता फोर-के व्हिडिओला झेपत नाही, टाइमलाइनवर क्लिप अडकत अडकत चालते. परभणीहून दोन कोटेशनं आणलीत. एकात इंटेलचा कोअर आय५-१२४०० आहे, दुसऱ्यात एएमडीचा रायझन ५ ५६००जी. रॅम दोन्हींत १६ जीबी, एसएसडी सारखीच. वेगळं ग्राफिक्स कार्ड सध्या बजेटात बसत नाही. इंटेलवालं कोटेशन अडीच हजारांनी जास्त आहे. एक दुकानदार म्हणतो, ३.९ गिगाहर्ट्झ हे २.५ पेक्षा मोठं, रायझनच घ्या. दुसरा म्हणतो, इंटेल ते इंटेल. कोअर तर दोन्हींत सहाच. कॅमेरा सोनीचा ए७ फोर आहे. मिक्सिंगचं काम एडियस या सॉफ्टवेअरवर चालतं, भाऊ आता प्रीमिअर हे दुसरं सॉफ्टवेअर शिकतोय. तुळशीच्या लग्नानंतर आमचा सीझन लागतो, त्याआधी मशीन जोडून हवं आहे. कोणतं घ्यावं?
– एक वाचक, सेलू, जि. परभणी

उत्तर : दादा, तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ कॅमेऱ्याची आहे. ती लिहिलीत हे फार बरं केलं. तिच्यामुळेच तुम्हाला ठाम उत्तर देता येतंय. पण तिकडे यायच्या आधी गिगाहर्ट्झचा विषय मिटवते, कारण हा आकडा पुढे करून आपल्या भागात रोज कुणाला तरी मशीन विकलं जातं.

२.५ आणि ३.९ हे दोन्ही बेस क्लॉकचे आकडे आहेत. ठरलेल्या विजेत सगळे कोअर, म्हणजे प्रोसेसरमधले काम करणारे भाग, सतत राबत असले तरी याच्या खाली वेग जाणार नाही, एवढंच कंपनी त्यातून सांगते. प्रत्यक्ष कामात दोन्ही प्रोसेसर त्याच्या बरेच वर चालतात, आणि एका कोअरवर काम असलं की दोघांची कमाल मर्यादा अगदी एकच आहे, ४.४ गिगाहर्ट्झ. म्हणजे दुकानदारानं दाखवलेला फरक तुमच्या कामात दिसणारच नाही.

मग वेग सारखाच झाला का? तसंही नाही. कापूस वेचणाऱ्या दोघींचे हात सारख्याच चपळाईनं चालत असले, तरी एकीच्या मुठीत दर खेपेला जास्त बोंडं येत असतील तर संध्याकाळी तिचं गाठोडं जड भरतं. गिगाहर्ट्झ म्हणजे हात किती भराभर चालतो ते. मुठीत किती येतं हे चिपच्या आतल्या रचनेवर ठरतं. १२४०० मधला गोल्डन कोव्ह जातीचा कोअर एका ठोक्याला सहा सूचना उलगडायला घेऊ शकतो, ५६००जी मधला झेन ३ चार घेतो. पुढची कामं आधीच हाताशी धरून ठेवायची जागा गोल्डन कोव्हमध्ये ५१२ सूचनांची आहे, झेन ३ मध्ये २५६ ची. झेन ३ कडे उलगडून ठेवलेल्या सूचनांचा स्वतःचा साठा असतो, म्हणून प्रत्यक्षातला फरक एवढा मोठा राहत नाही. तरी एकेका कोअरच्या कामात इंटेल पुढे निघतो. सिनेबेंच आर२३ या चाचणीत एका कोअरवर १२४०० ला सुमारे १७०० गुण पडतात आणि ५६००जी ला १५०० च्या आसपास. सगळे कोअर एकदम जुंपले तर साधारण १२ हजार आणि ११ हजार.

वयाचाही थोडा फरक आहे. ५६००जी ऑगस्ट २०२१ मध्ये सुटा विक्रीला आला, १२४०० जानेवारी २०२२ मध्ये. दोन्ही सहा कोअरचे आणि बारा थ्रेडचे, म्हणजे एकेक कोअर एकावेळी दोन कामं हाताळतो. एवढ्यावरच थांबलो असतो तर मी म्हटलं असतं, दहा-पंधरा टक्क्यांसाठी अडीच हजार देऊ नका, त्या पैशांत जास्तीची हार्डडिस्क घ्या. एक तासाचं एक्स्पोर्ट पाच-सहा मिनिटं आधी झालं म्हणून स्टुडिओची मिळकत वाढत नाही.

आता कॅमेरा. ए७ फोर फोर-के रेकॉर्डिंग वेगवेगळ्या पद्धतींनी करतो. मेनूत एक्सएव्हीसी एस आणि एक्सएव्हीसी एचएस अशी नावं दिसतील. व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत पहिल्यात एच.२६४ आहे, दुसऱ्यात एच.२६५, ज्याला एचईव्हीसी म्हणतात. शिवाय ४:२:० की ४:२:२, आणि ८ बिट की १० बिट, हे निवडता येतं. ४:२:० मध्ये चार पिक्सेलच्या चौकोनामागे रंगाची एकच नोंद ठेवली जाते, ४:२:२ मध्ये दोन. ८ बिटमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १० बिटमध्ये १०२४. हळदीच्या अंगणात भर उन्हात पिवळ्यावर पिवळं असतं, रात्री मंडपात एलईडीच्या निळ्या-जांभळ्या उजेडात नवरीचा शालू लाल दिसायला हवा असतो. अशा वेळी रंग दुरुस्त करायला १० बिट ४:२:२ चा फार उपयोग होतो. चांगलं काम करणारे बरेच जण आता त्यातच शूट करतात, आणि तुमचा कॅमेरा पाहता तुम्हीही करत असाल असं मी धरून चालते.

असली क्लिप टाइमलाइनवर चालवायची म्हणजे प्रत्येक फ्रेम आधी उलगडावी लागते. प्रोसेसरच्या चिपवर या कामासाठी एक वेगळा छोटा भाग असतो आणि तो ग्राफिक्सच्या जोडीला बसवलेला असतो. इंटेल त्याला क्विक सिंक म्हणते, २०११ पासून तो त्यांच्या चिपमध्ये आहे. १२४०० मधल्या यूएचडी ७३० ग्राफिक्समधला हा भाग एचईव्हीसी १० बिट ४:२:२ थेट उलगडतो. ५६००जी मधल्या रेडिऑन वेगाचा तसलाच भाग एचईव्हीसी ४:२:० पर्यंत छान काम करतो, ४:२:२ आलं की हात वर करतो. मग ते सगळं ओझं सहा कोअरवर येऊन पडतं. फोर-के ५० फ्रेमची क्लिप, तिच्यावर रंगाचा इफेक्ट, वर दुसऱ्या कॅमेऱ्याची क्लिप. कोअर तिथं पुरे पडत नाहीत आणि पुन्हा तेच अडकत अडकत चालणं सुरू होतं. ज्या त्रासासाठी तुम्ही नवं मशीन घेताय तोच त्रास नव्या डब्यात परत येईल.

म्हणून माझं उत्तर इंटेल आय५-१२४००. अडीच हजार त्या एका कोपऱ्यासाठी द्या. एडियस कितीतरी वर्षांपासून क्विक सिंक वापरतं, प्रीमिअरही वापरतं. सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर डिकोडिंग चालू आहे ना, हे भावाला बघायला सांगा. ते बंद असेल तर चिपमध्ये असून उपयोग नाही.

दोन गोष्टी मात्र नीट तपासा. तुम्ही जर एक्सएव्हीसी एस म्हणजे एच.२६४ मध्ये १० बिट ४:२:२ शूट करत असाल, तर तिथं या दोन्हींपैकी कुणाचाच तो भाग मदतीला येत नाही. अशा क्लिपच्या प्रॉक्सी म्हणजे हलक्या नकला करून काम करा, किंवा कॅमेऱ्यावर एचएस निवडा. आणि तुमचं सगळं शूटिंग साध्या ८ बिट ४:२:० मध्ये असेल, तर दोन्ही मशीन ते सहज चालवतील, मग माझं वरचं अडीच हजारांचं म्हणणं मी मागे घेते आणि रायझन घ्या म्हणते.

दुसरी गोष्ट एका अक्षराची आहे. कोटेशनवर १२४०० पुढे एफ तर लिहिलेला नाही ना? १२४००एफ मध्ये ग्राफिक्सचा भाग बंद असतो. क्विक सिंकही त्यासोबत जातं, आणि वेगळं कार्ड नसेल तर पडद्यावर चित्रच येणार नाही. त्यात दुकानदार एखादं जुनं स्वस्त कार्ड घालून देतो आणि 'कार्डासकट देतोय' म्हणून खुश करतो. तुमच्या कामात तो सौदा तोट्याचा आहे. तसंच रायझनकडे ५६००, ५६००एक्स आणि ५६००जी ही तीन वेगळी मॉडेल आहेत. पहिल्या दोघांत कॅश, म्हणजे चिपमधलीच छोटी वेगवान मेमरी, ३२ एमबी आहे पण ग्राफिक्स नाही. जी मध्ये ग्राफिक्स आहे, कॅश मात्र १६ एमबी. नाव अर्धवट सांगून कुणी किंमत सांगितली तर ती लिहून घेऊ नका. बिलावर पूर्ण मॉडेल नंबर मागा.

रॅमबद्दलही सांगते, कारण तुलना इथंच फसते. १६ जीबीची एकच पट्टी घेऊ नका, ८-८ च्या दोन घ्या. डीडीआर४-३२०० ची एक पट्टी सेकंदाला २५.६ जीबी माहिती पुरवते, दोन असल्या तर ५१.२. ज्यांचं ग्राफिक्स चिपमध्येच आहे त्यांना वेगळी मेमरी नसते, ते याच रॅमवर जगतात. दुकानात एका मशीनमध्ये एक पट्टी आणि दुसऱ्यात दोन असतील, तर तुम्ही प्रोसेसरची नाही, पट्ट्यांची तुलना करून घरी याल. स्वस्तातल्या एच६१० मदरबोर्डावर रॅमच्या दोनच जागा असतात हेही ध्यानात ठेवा. पुढे ३२ जीबी करायची झाली तर या ८-८ काढाव्या लागतील. बजेट थोडं ताणता आलं तर चार जागांचा बी६६० बोर्ड बघा.

आता उन्हाळा. हा भाग पुण्या-मुंबईच्या लिखाणात कुणी लिहित नाही आणि आपल्याकडे तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. प्रोसेसरच्या चाचण्या थंड खोलीत होतात, साधारण बावीस-पंचवीस अंशांत. परभणी-सेलूकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर जातो आणि पत्र्याच्या छताखालच्या खोलीत त्याहून वर. कूलर खोलीतल्या हवेनंच चिप थंड करतो, त्यामुळे खोली पंधरा अंशांनी तापली की चिपही जवळजवळ तेवढीच जास्त तापते. १२४०० शंभर अंशांवर आणि ५६००जी पंचाण्णववर स्वतःचा वेग कमी करून जीव वाचवतात. जानेवारीत झालेलं एक्स्पोर्ट मे महिन्यात जास्त वेळ घेतं त्यामागे बहुतेक वेळा हे कारण असतं, व्हायरस नसतो.

डब्यावरचा ६५ वॉट हा आकडाही दोघांचा सारखा दिसतो, पण त्याचा अर्थ सारखा नाही. इंटेलचा ६५ हा सतत चालण्याचा आहे. थोड्या वेळासाठी १२४०० ला ११७ वॉटपर्यंत मुभा असते, आणि काही बोर्ड ती थोड्या वेळाची अट काढूनच टाकतात. एएमडीच्या ६५ वॉटच्या चिपला सॉकेटमधून ८८ वॉटपर्यंत वीज घेता येते. एसी नसलेल्या स्टुडिओत मी बायॉसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, जाऊन इंटेलची सततची मर्यादा ६५ वरच ठेवते. वेग किंचित कमी होतो, पण तो दुपारी तीनलाही तेवढाच राहतो. डब्यातला कूलर चालतो, तरी तुमचं तासनतास एक्स्पोर्ट चालणार असेल तर उभा टॉवर कूलर घ्या. आणि उन्हाळ्याआधी कॅबिनेट उघडून ब्लोअर मारून घ्या. सेलू-मानवतच्या बाजूला जिनिंगचा हंगाम संपेपर्यंत हवेत रुई उडत असते. ती कूलरच्या पात्यांत नमद्यासारखी बसलेली मी सतत काढते.

विजेचं म्हणाल तर ६०० व्हीएचा साधा यूपीएस सुमारे ३६० वॉट देतो. कार्ड नसलेल्या या दोन्ही मशीनला मॉनिटरसकट तो पुरतो. एक्स्पोर्ट अर्ध्यावर असताना लाइट गेली तर मशीन नीट बंद करण्याइतका वेळ मिळायला हवा, म्हणून बॅटरी जुनी असेल तर आत्ताच बदला.

पैसे देण्याआधी एक काम करा. पेनड्राइव्हवर तुमच्याच कॅमेऱ्याच्या दहा मिनिटांच्या खऱ्या क्लिपा घेऊन जा, परातभर अक्षता उडताना काढलेल्या असतील तर उत्तम. त्या दोन्ही मशीनच्या एसएसडीवर उतरवून घ्या, कारण पेनड्राइव्हवरूनच चालवल्या तर पेनड्राइव्हचा वेग मोजला जाईल. मग टाइमलाइनवर टाका, नेहमीचा रंग लावा, पुढे-मागे ओढून बघा, आणि मोबाइलवर वेळ लावून एक्स्पोर्ट करा. एकदा करून थांबू नका, लागोपाठ तीनदा करा. तिसऱ्यांदा लागलेला वेळ हा खरा, कारण तोवर मशीन तापलेलं असतं. दुकानदार नाराज होईल म्हणून संकोच करू नका. चाळीस-पन्नास हजारांची वस्तू आहे, हा तुमचा हक्क आहे.

भाऊ फावल्या वेळात गेम खेळत असेल तर त्यालाही आधीच सांगून ठेवा. त्या बाबतीत ५६००जी चं वेगा ग्राफिक्स यूएचडी ७३० च्या खूप पुढे आहे. स्टुडिओचं मशीन स्टुडिओसाठी घ्यायचं, एवढं घरात ठरवून घ्या.

प्रश्न : लातूरच्या मोंढ्यात आमचं आडत दुकान आहे. टॅली, जीएसटीचं काम आणि पट्ट्या छापणं एवढाच वापर. जुना आय७-४७७० चा रिफर्बिश्ड कॉम्प्युटर स्वस्तात मिळतोय. नवा घेतला तर आय३-१२१०० बसतो. आय७ मोठा ना?
– एक अडते, लातूर

उत्तर : भाऊ, नवा आय३ घ्या. आय३, आय५, आय७ ही एकाच वर्षाच्या मालातली प्रत आहे, वेगवेगळ्या वर्षांची तुलना त्यातून होत नाही. ४७७० हा २०१३ चा आहे, १२१०० हा २०२२ चा. दोन्ही चार कोअर, आठ थ्रेडचे. पण एकेका कोअरच्या कामात नवा आय३ दीडपटीहून जास्त वेगवान आहे, आणि टॅलीचं काम बहुतांशी एका कोअरवरच चालतं. सौदे निघाल्यावर दोन तासांत शेकडो पट्ट्या करायच्या असतात तेव्हा हे जाणवेल.

याहून मोठं कारण असं की विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ४७७० हा विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही. ज्या मशीनवर शेतकऱ्यांचे हिशोब आणि बँकेचे व्यवहार आहेत त्यावर सुरक्षेची दुरुस्ती न मिळणारं विंडोज ठेवू नका.

प्रश्न : ताई, मी नांदेडला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सी++ चे मोठे प्रोजेक्ट आणि थोडं सिम्युलेशन करते. रायझन ५ ५६००एक्स च्या ऐवजी बारा कोअरचा रायझन ९ ५९००एक्स घेतला तर काम निम्म्या वेळात होईल का? बाबा म्हणतात घ्यायचंच तर एकदाच चांगलं घे.
– एक विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : निम्म्या वेळात होणार नाही ग, आणि याचं गणित तुझ्या अभ्यासक्रमातच असेल. जीन अॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला नियम काढून बघ. समज, तुझ्या सिम्युलेशनचा ८० टक्के भाग कोअरमध्ये वाटता येतो आणि २० टक्के एकामागून एकच करावा लागतो. सहा कोअरवर ते एका कोअरच्या ३ पट वेगानं होईल. बारा कोअरवर ३.७५ पट. कोअर दुप्पट झाले आणि मिळाला फक्त पाव हिस्सा. तेही कोअर सगळे जुंपले असतानाचा वेग आणि रॅम दोन्ही साथ देतात असं धरून.

मोठा सी++ प्रोजेक्ट पहिल्यापासून कंपाइल करताना मात्र शेकडो फाइली स्वतंत्रपणे वाटता येतात. तिथं बारा कोअर खरोखर फळ देतात. पण तू दिवसभर एक-दोन फाइली बदलून पुन्हा बिल्ड करत असशील तर शेवटचं लिंकिंगच वेळ खातं. आत्ताच्या मशीनवर टास्क मॅनेजर उघडून काम करताना बघ, सगळे कोअर भरलेले दिसतात की एकच. एकच दिसला तर ५६००एक्स घे आणि वाचलेल्या पैशांत ३२ जीबी रॅम. दोन्ही चिप एएम४ सॉकेटच्या आहेत, म्हणजे बोर्डावरच्या एकाच प्रकारच्या खाचेत बसतात, त्यामुळे बोर्ड बरा घेतलास तर पुढे गरज लागेल तेव्हा बारा कोअरचा त्याच बोर्डावर बसेल. ५९००एक्स १०५ वॉटचा आहे आणि त्याच्या डब्यात कूलर येत नाही, तो खर्चही बाबांना आधीच सांग. ग्राफिक्स या दोन्हींत नाही, त्यामुळे कार्ड लागेलच.

प्रश्न : आमच्या शाळेच्या लॅबसाठी प्रोसेसर बघताना एकाच आय५-१२४०० चे गुण एका ठिकाणी १२ हजार दिसले आणि दुसऱ्या ठिकाणी हजाराच्याही आत. खोटं कोण बोलतंय?
– एक शिक्षक, अंबाजोगाई

उत्तर : सर, कुणीच नाही. पहिला आकडा सिनेबेंच आर२३ चा असणार, दुसरा सिनेबेंच २०२४ चा. नव्या चाचणीत मोजायचं इंजिनच बदललंय आणि तिचे गुण शेकड्यांत येतात. गीकबेंच या दुसऱ्या चाचणीचंही तसंच आहे. पाचव्या आवृत्तीत आय३-८१०० ला १००० गुण धरून बाकीचे मोजले, सहाव्यात आय७-१२७०० ला २५००. त्यामुळे तुलनेच्या तक्त्यात दोन्ही प्रोसेसरसमोर एकाच चाचणीची एकच आवृत्ती लिहिलेली आहे का, ते बघा. नसेल तर तो तक्ता खरेदी समितीपुढे ठेवू नका. लॅबमध्ये स्क्रॅच, पायथन आणि ब्राउझर एवढंच चालणार असेल तर आय३-१२१०० पुरेसा आहे, आणि वाचलेल्या पैशांत इन्व्हर्टरची बॅटरी मोठी बसवून घ्या. मुलांचा तास लाइटवर अवलंबून राहायला नको.